विश्लेषण : क्रूझवरील सेवेचे कौतुक आणि सहप्रवाशांचा वैताग… लांबच्या सफरीत दोन्ही एकत्र का?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमधील कुटुंबांच्या सुट्टीच्या यादीत युरोप-सिंगापूरच्या जोडीला आता क्रूझही आली आहे. निवृत्तीनंतरची, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची किंवा मुलांनी आई-वडिलांना दिलेली भेट म्हणून आठ-दहा-चौदा दिवसांच्या सागरी सफरी केल्या जातात. परतल्यावर मात्र ऐकू येणारा वृत्तांत दुहेरी असतो. ‘तिथली माणसं फार चांगली होती’ आणि ‘तिथली माणसं फार त्रासदायक होती’ अशी दोन्ही वाक्ये एकाच तोंडून निघतात. पहिली माणसे म्हणजे जहाजावरील कर्मचारी, दुसरी म्हणजे सहप्रवासी. या दोन वेगळ्या गोष्टी वाटत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. ते कोणते, आणि त्यात प्रवाशाची, कंपनीची व कर्मचाऱ्याची बाजू काय, याचा हा आढावा.

क्रूझचे वेड उपनगरांत कसे पोहोचले?

मुंबईकराला बोटीचा प्रवास नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट हा अनेक पिढ्यांचा गावाकडे जाण्याचा मार्ग होता. पण ती गरज होती, हौस नव्हे. हौसेची बोट उपनगरांत आली ती सिंगापूरमार्गे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या स्टार क्रूझेसच्या सिंगापूरहून सुटणाऱ्या छोट्या सफरी सिंगापूर-मलेशियाच्या गटसहलींना जोडल्या गेल्या आणि ‘दोन रात्री क्रूझ’ ही ओळ सहलींच्या जाहिरातीत कायमची बसली.

पुढे जहाजेच मुंबईत येऊ लागली. २०१६ च्या अखेरीस कोस्टा निओक्लासिका हे इटालियन कंपनीचे जहाज मुंबईहून मालदीवकडे जाऊ लागले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०१९ मध्ये ‘कर्णिका’ आली आणि पुढच्याच वर्षी करोनाकाळात तिचा प्रवास थांबला. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाच्या सफरी मुंबईतून सुरू झाल्या. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईतच ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. इंदिरा गोदीतील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे.

मुंबईतून सुटणाऱ्या सफरी बहुतांश दोन ते पाच रात्रींच्या असतात. आठवडा-दोन आठवड्यांच्या सफरींसाठी उपनगरातील कुटुंबे विमानाने सिंगापूर, बार्सिलोना, रोम किंवा अलास्कासाठी सिॲटल, व्हँकुव्हरला जातात. दोन रात्रींच्या सफरीत कुणाचा राग येईपर्यंत घर येते. संमिश्र भावना पिकतात त्या लांबच्या सफरीत.

सेवेचे कौतुक कशाचे, नाराजी कशाची?

कौतुक बहुतेक वेळा माणसाचे असते. केबिन आवरणारा कर्मचारी दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारतो. टॉवेलचा हत्ती किंवा माकड करून पलंगावर ठेवतो. जेवणाच्या टेबलावरील वेटरला तिसऱ्या रात्री न सांगता कळते की काकूंना चहा बिनसाखरेचा हवा आणि काकांना कांदा-लसूण चालत नाही. ज्या गृहिणीने चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या ताटाकडे लक्ष दिले, तिच्या ताटाकडे कुणीतरी लक्ष देते. या अनुभवाची किंमत रुपयांत सांगता येत नाही. क्रूझवरून आलेली अनेक मंडळी समुद्रापेक्षा वेटरबद्दल जास्त बोलतात, ती यामुळेच.

नाराजी मात्र बहुतेक वेळा व्यवस्थेची असते. पाण्याची बाटली, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहल या सगळ्याचे पैसे वेगळे. शीतपेये वा मद्याच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप लागलेले. शाकाहारी किंवा जैन जेवण आधी कळवूनही रोज तीच पिवळी डाळ. करोनानंतर काही कंपन्यांनी दिवसातून दोनदा होणारी केबिनची सफाई एकदाच केली. पूर्वी गेलेल्यांना हा फरक लगेच जाणवतो.

काही तक्रारी गैरसमजातूनही येतात. चहासाठी बॅगेत टाकलेली विजेची किटली किंवा इस्त्री चढतानाच काढून घेतली जाते, घरी केलेले लाडू-थेपले अडवले जातात, तेव्हा तो उर्मटपणा वाटतो. प्रत्यक्षात जहाजावर आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते, म्हणून केबिनमध्ये तापणारी उपकरणे चालत नाहीत. घरगुती अन्नाबाबतचे नियम आरोग्याच्या कारणाने असतात. सीलबंद पाकिटातील कोरडे पदार्थ सहसा चालतात. हे निघण्यापूर्वी नीट सांगितले गेले, तर पहिल्याच दिवशी मन कडू होणार नाही. ते सांगण्याची जबाबदारी तिकीट विकणाऱ्याची आहे.

सहप्रवाशांचा त्रास इतका का जाणवतो?

याचे पहिले कारण जागा. आतल्या बाजूची साधी केबिन दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारे घर ३०० चौरस फुटांचे आहे, म्हणजे केबिन त्याच्या जवळपास निम्मी. एवढ्या जागेत कुणी दिवसभर बसत नाही. सगळे डेकवर, बुफेला, पोहण्याच्या तलावाजवळ येतात. जहाज बंदराला लागलेले असते तेव्हा गर्दी शहरात पांगते. समुद्रातच जाणाऱ्या दिवशी मात्र पाच हजार माणसे आणि तेच चार मजले, असा हिशेब असतो.

दुसरे कारण सुटका नसणे. बोरिवली लोकलमध्ये शेजारचा कितीही बोलका असला तरी चर्चगेटला संपतो. जहाजावर तोच माणूस सकाळी लिफ्टमध्ये, दुपारी बुफेच्या रांगेत आणि रात्री जेवणाच्या टेबलावर भेटतो. आठ-दहा जणांच्या सामाईक टेबलावर जागा ठरवून दिलेली असेल तर चौदा रात्री त्याच गोष्टी ऐकाव्या लागतात.

तिसरे कारण अधिक ओळखीचे आहे. सकाळी सहाला तलावाकाठच्या खुर्चीवर टॉवेल टाकून न्याहारीला जाणारा आणि दहाला उगवणारा प्रवासी जगातल्या प्रत्येक क्रूझवर असतो. अनेक जहाजांवर ठरावीक वेळानंतर असे टॉवेल उचलण्याचा नियम आहे, पण तो पाळून घेताना वाद होतात म्हणून कर्मचारी काणाडोळा करतात. मुंबईकराला यात नवल वाटू नये. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या इथलीच आहे. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर रांग मोडणाऱ्याला जी नजर मिळते, तीच बुफेत मधेच ताट घालणाऱ्याला मिळते. स्पीकरवर रील पाहणारा, मुलांना मोकळे सोडून देणारा, लिफ्टमधले बाहेर येण्याआधी आत घुसणारा, हे सगळे प्रकार घरून ओळखीचे असतात. त्रास त्याचाच जास्त होतो. ज्या गर्दीपासून सुटण्यासाठी पैसे मोजले, तीच गर्दी पोहण्याच्या कपड्यांत समोर उभी राहते.

त्यात ‘आपली माणसे’ हा वेगळा पेच. परदेशी जहाजावर मराठी कानावर पडले की पहिल्या दिवशी अनेक जण मान वळवतात. तिसऱ्या दिवशी विचारपूस होते, ‘मुलुंडला कुठे, पूर्वेला की पश्चिमेला?’ पाचव्या दिवशी लोणच्याचे पाकीट टेबलावरून इकडून तिकडे जाते. आणि गटातल्या कुणी मोठ्याने हाका मारल्या की परदेशी प्रवाशांआधी आपल्यालाच संकोच वाटतो. हा संकोच कधी रास्त असतो, कधी उगाचच. परदेशी प्रवासीही खुर्च्या धरतात, बुफेत ढकलतात आणि वेटरवर ओरडतात.

कोकण बोटीवर हे प्रश्न नव्हते का?

होते, पण त्यांची वाटणी वेगळी होती. कोकण बोटीच्या डेकवर माणसे वळकट्या पसरून रात्र काढत. सेवा म्हणावी असे फारसे काही नव्हते आणि कुणी तिची अपेक्षाही करत नव्हते. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. पडाव यायचा, त्यात उतरावे लागायचे. तेव्हा म्हातारीचा हात धरणारा, पोर खाली देणारा, ट्रंक उचलणारा सहप्रवासीच असे. बोट लागलेल्याला लिंबू देणाराही तोच.

म्हणजे कोकण बोटीवर सेवा ही शेजाऱ्याकडून मिळत होती. क्रूझने ती शेजाऱ्याकडून काढून घेतली, पगारी माणसाकडे दिली आणि तिकिटात तिची किंमत लावली. त्यामुळे शेजाऱ्याशी असलेले देणे-घेणे संपले. आता तो फक्त रांगेतला पुढचा माणूस आहे. जुने दिवस सोन्याचे होते असे नाही. त्या प्रवासात हाल होते आणि ते कुणाला पुन्हा नकोत. पण सहप्रवासी आज इतका खुपतो, याचे एक कारण या बदलात आहे.

सेवा आणि शेजार यांचे मूळ एकच कसे?

साधा हिशेब करून पाहू. एका कर्मचाऱ्याकडे २० केबिन आहेत आणि तो दिवसाला दहा तास काम करतो असे समजा. ६०० मिनिटांत २० केबिन, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ३० मिनिटे. त्यातल्या तीन केबिनांनी पसारा, वारंवार बोलावणे आणि वाद यांत एकेक तास घेतला, तर उरलेल्या १७ केबिनांसाठी ४२० मिनिटे राहतात. प्रत्येकीला २५ मिनिटेही मिळत नाहीत. चौथ्या केबिनमधल्या काकूंना वाटते, ‘मुलगा चांगला आहे, पण आज घाईत होता.’ तो घाईत का होता, हे तीन दरवाजे पलीकडे ठरलेले असते. जहाजावरची सेवा ही सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यासारखी आहे. एकाने नळ सोडून ठेवला की वरच्या मजल्यावर कमी येते.

पण हिशेब इथेच थांबवला तर सारा दोष शेजाऱ्याच्या माथी बसेल. त्याच कर्मचाऱ्याकडे २० ऐवजी १५ केबिन दिल्या असत्या, तर प्रत्येकीला ४० मिनिटे मिळाली असती. म्हणजे त्रासदायक शेजाऱ्यांनी हिरावली ती पाच मिनिटे. कंपनीच्या एका निर्णयाने गेली ती दहा. शेजारी दिसतो, म्हणून राग त्याच्यावर निघतो. कर्मचारी समोर असतो, म्हणून तक्रार त्याच्याकडे जाते. माणसे किती घ्यायची आणि खुर्च्या किती मांडायच्या, हे ठरवणारा मात्र जहाजावर नसतोच.

जानेवारी २०२४ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या महाकाय जहाजावर एका केबिनमध्ये दोन माणसे धरली तर ५,६१० प्रवासी आणि त्यांच्यासाठी सुमारे २,३५० कर्मचारी असतात. म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे जवळपास अडीच प्रवासी. यातले अनेक कर्मचारी इंजिन, स्वयंपाकघर, धुलाई आणि सुरक्षेत असतात, प्रवाशांना ते दिसतही नाहीत. क्रूझची जाहिरात दाखवते एक जोडपे, एक सूर्यास्त आणि रिकामा डेक. प्रत्यक्ष व्यवसाय चालतो तो डेक भरलेला असल्यावर. संमिश्र भावना जन्माला येतात त्या या दोन चित्रांच्या मधल्या फटीत.

टिप ही बक्षिसी, पोस्त की पगार?

लांबच्या सफरीत सर्वाधिक कटुता टिपवरून येते. बहुतेक आंतरराष्ट्रीय कंपन्या प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर रोज साधारण १५ ते २० डॉलर टिप म्हणून आपोआप लावतात. रोजचे १६ डॉलर धरले तर दोघांच्या चौदा रात्रींचे ४४८ डॉलर होतात. हे साधारण ४० हजार रुपये आहेत. तिकीट घेताना ही रक्कम ठळकपणे सांगितली नसेल, तर शेवटच्या दिवशीचे बिल पाहून संताप होणारच.

आपल्याकडे वॉचमनला, पेपरवाल्याला, कामवाल्या मावशींना दिवाळीची पोस्त दिली जाते. ती पगाराच्या वर असते आणि देणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हातात जाते. क्रूझवरची आपोआप लागणारी टिप तशी नाही. अनेक कंपन्यांत ती एकत्र जमा होऊन वेगवेगळ्या विभागांत वाटली जाते आणि कर्मचाऱ्याच्या कमाईचा तो नेहमीचा भाग असतो. म्हणजे नाव बक्षिसीचे, काम पगाराचे. अनेक जहाजांवर प्रवासी काउंटरवर जाऊन ही रक्कम कमी करून घेऊ शकतो. पण सेवा आवडली नाही म्हणून ती काढली, तर फटका कंपनीला कमी आणि पडद्यामागच्या ताटे धुणाऱ्याला जास्त बसू शकतो.

भारतात हॉटेल आणि रेस्तराँमध्ये सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती वैध ठरवली. परदेशी ध्वजाच्या जहाजाला ती जशीच्या तशी लागू होत नाहीत. तरी त्यामागचा विचार इथेही लागू पडतो. किंमत एकच असावी आणि ती आधी कळावी. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून रोजची वेगळी टिप आकारणे बंद केले. म्हणजे ते अशक्य नाही. मुंबईतून क्रूझ विकणाऱ्यांनीही टिप, कर आणि बंदरशुल्क धरूनच भाडे छापावे. त्यानंतर कुणाला पोस्त द्यायची असेल, तर ती ज्याच्या त्याच्या खुशीने.

सेवा देणारे हात कुणाचे आहेत?

यातले अनेक हात आपल्याच लोकांचे आहेत. गोव्यात जहाजावरच्या नोकरदाराला ‘तारवटी’ म्हणतात. जहाजाची वाट पाहणाऱ्या या मंडळींसाठी गोव्यातील गावोगावच्या लोकांनी मुंबईत धोबी तलाव परिसरात ‘कूड’ म्हणजे वसतिगृहे चालवली. आजही गोवा, कोकण आणि मुंबईच्या उपनगरांतील हॉटेल व्यवस्थापन शिकलेले तरुण क्रूझची वाट धरतात. खलाशांच्या नोंदीचा कारभार पाहणारे नौवहन महासंचालनालय कांजूरमार्गला आहे, म्हणजे घाटकोपर आणि मुलुंडच्या मधोमध.

भारताचे क्रूझशी नाते नेमके काय, हे फेब्रुवारी २०२० मध्ये एका आकड्याने दाखवले. करोनामुळे जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यात भारतीय १३८. त्यापैकी प्रवासी सहा आणि कर्मचारी १३२. प्रवासी केबिनमध्ये बंद असताना त्यांना जेवण पोहोचवणारे हेच होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे मुंबईच्या समुद्रात थांबून राहावे लागलेल्या मरेला डिस्कव्हरी जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना विशेष परवानगीनंतर मुंबई बंदरात उतरता आले. घर समोर दिसत असूनही त्यांना वाट पाहावी लागली होती.

त्यांच्या कामाच्या तासांना आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ मध्ये अमलात आला. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार खलाशाला २४ तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. दहा तास विश्रांती, म्हणजे चौदा तासांपर्यंत काम चालू शकते. तेही आठवड्याची सुट्टी नसताना, सहा-सहा, नऊ-नऊ महिने. रात्री अकराला हसून ‘गुड नाइट’ म्हणणारा सकाळी सहाला न्याहारीच्या टेबलावर उभा असेल, तर त्या हसण्यामागे सवय किती आणि आनंद किती, हा विचार एकदा तरी मनात यावा.

तक्रार कुठे करावी आणि कशाची करावी?

जेवण, सफाई, केबिनमधील बिघाड यांची तक्रार जहाजावरच, त्याच दिवशी आणि लेखी करावी. शेवटच्या दिवशीच्या तक्रारीवर माफीखेरीज काही मिळत नाही. सहप्रवाशाचा त्रास गंभीर असेल, उदाहरणार्थ दारूच्या नशेतील धिंगाणा, छेडछाड किंवा मुलांना धोका, तर स्वतः भिडण्याऐवजी जहाजाच्या सुरक्षा विभागाला कळवावे. टेबलावरची संगत जमत नसेल तर पहिल्या-दुसऱ्या रात्री हॉटेल व्यवस्थापकाकडे शांतपणे टेबल बदलून मागता येते. यात अपमान कुणाचा नाही.

जाहिरातीत एक आणि प्रत्यक्षात दुसरे, किंवा न सांगितलेले शुल्क, असा प्रकार असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उपयोगी पडतो. या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. अंधेरी, बोरिवलीपासून घाटकोपर, मुलुंडपर्यंतच्या रहिवाशांसाठी हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. बहुतेक मोठी जहाजे बहामास, पनामा, माल्टा अशा देशांच्या ध्वजाखाली असतात आणि तिकिटाच्या अटींत न्यायालय परदेशातले लिहिलेले असते. म्हणून तिकीट इथल्या विक्रेत्याकडून, पक्क्या पावतीवर घेतलेले बरे.

सफर संपताच ईमेलवर येणारी गुणांची प्रश्नावली मात्र जपून भरावी. अनेक कंपन्यांत हे गुण कर्मचाऱ्याच्या मूल्यमापनात धरले जातात. गर्दी जास्त होती म्हणून वेटरला कमी गुण देणे, म्हणजे लोकल उशिरा आली म्हणून फलाटावरच्या चहावाल्याशी भांडणे. गर्दीची तक्रार गर्दीच्या रकान्यात लिहावी आणि वेटरचे नाव कौतुकाच्या.

‘पैसे मोजले आहेत, मग तडजोड का?’

हा प्रश्न चुकीचा नाही. आयुष्यभराच्या बचतीतून चार-पाच लाख खर्च करणाऱ्या जोडप्याला ‘जरा समजून घ्या’ सांगणे सोपे असते. त्यांनी स्वच्छ केबिन, वेळेवर जेवण आणि शांत झोप यांबाबत मुळीच तडजोड करू नये. पण पैशाने सेवा विकत घेता येते, दुसऱ्या प्रवाशाची अनुपस्थिती नाही. तिकिटात खुर्ची वापरायचा हक्क आहे, ती दिवसभर अडवायचा नाही. आणि वेटरचे काम विकत घेतलेले असते, त्याचा मान नव्हे.

शिवाय समुद्रावर सहप्रवासी आणि कर्मचारी हे फक्त सोयी-गैरसोयीचे विषय राहत नाहीत. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यात मुंबईचा एक तरुण वेटर होता. प्रवाशांना मदत करताना तो अखेरचा दिसला, असे तेव्हाच्या बातम्यांत म्हटले होते. त्याचा मृतदेह सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे जवळपास तीन वर्षांनी सापडला. या दुर्घटनेनंतर नियम बदलला. पूर्वी प्रवाशांची सुरक्षा कवायत ते जहाजावर चढल्यापासून २४ तासांत घेतली तरी चालत होते. आता ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. अनेक प्रवाशांना सफरीतला सर्वांत कंटाळवाणा भाग वाटतो तो हाच. पण ताट आणणारा माणूस संकटात जीवरक्षक जाकीट बांधून देणारा असतो, हे त्याच अर्ध्या तासात कळते.

दहा लाख प्रवाशांच्या टर्मिनलपुढे आव्हान कोणते?

टर्मिनल बांधून झाले, जहाजेही येतील. खरा प्रश्न आत काय विकले जाणार हा आहे. गर्दी वाढवून आणि कर्मचारी ताणून भाडे कमी ठेवले, तर पहिली सफर उत्साहात होईल आणि दुसरी होणारच नाही. किमतीत सगळे धरलेले असावे, शाकाहारी जेवणाचे वचन पाळलेले असावे, एका कर्मचाऱ्याकडे किती केबिन हे सांगायला कंपनी कचरू नये. प्रवाशांकडूनही अपेक्षा फार मोठी नाही.

ती शिकायला परदेशी जावे लागत नाही. उपनगरी गाडीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो. कायद्यात ती जागा नाही, तिकिटावर तिचा उल्लेख नाही. तरी ‘जरा सरका’ म्हटल्यावर बसलेले तिघे थोडे आत सरकतात आणि उभ्या माणसाला टेकायला मिळते. रुमाल टाकून जागा धरणारे शहर हेच आहे आणि चौथ्या सीटचे शहरही हेच. बॅलार्ड पिअरला बॅगा तपासून घेताना यातली कोणती सवय सोबत न्यायची आणि कोणती धक्क्यावर सोडायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे.